एकवीस वर्षं आणि पंधरा महिने

२२ डिसेंबर २०२३ ला मी नागपुरात होते. दरवर्षी डिसेंबरात सिंगापूरहून रजा टाकून येते, तशीच आले होते. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन दोनच दिवसांपूर्वी संपलेलं, मोर्च्यांनी अडलेले रस्ते मोकळे झालेले. आईला डॉक्टरकडे घेऊन निघाले, तर सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा न्यायालयाच्या बाजूला पोलिसांच्या गाड्यांची रांग होती. ऑटोवाल्याने लांबून वळसा घेतला. म्हणाला, "आज केदारभाऊंचा निकाल आहे ना."

संध्याकाळपर्यंत निकाल सगळ्यांना कळला होता. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या घोटाळ्यात बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष सुनील केदार यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. बँकेचे माजी सरव्यवस्थापक आणि रोख्यांचे दलाल धरून सहा जण दोषी ठरले, तिघे सुटले. दोनच दिवसांत केदारांची सावनेरची आमदारकी गेल्याचं जाहीर झालं. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून नियमच असा आहे, की दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली की पद त्याच दिवसापासून जातं.

माझं पोट हिशेब तपासण्यावर चालतं, म्हणून या घोटाळ्यातली मेख मला नीट समजते. बँकेला ठेवींचा काही भाग सरकारी रोख्यांत ठेवावाच लागतो. सरकारी रोखा म्हणजे सगळ्यांत सुरक्षित गुंतवणूक. नागपूरच्या बँकेने ते रोखे खासगी दलालांमार्फत घेतले. सुमारे १२५ कोटी रुपये दलालांकडे गेले, कागदावर खरेदी झाली, आणि रोखे बँकेच्या हातात आलेच नाहीत. दलालांपैकी एक कंपनी होती होम ट्रेड. सचिन तेंडुलकर, शाहरुख खान, हृतिक रोशन तिच्या जाहिरातीत झळकत. वर्धा आणि उस्मानाबादच्या जिल्हा बँकाही तिच्या जाळ्यात सापडल्या. तपासनीस म्हणून पहिला प्रश्न सुचतो तो एवढाच, की रोखे दाखवा. तो प्रश्न वेळेवर विचारायला कुठला कायदा आडवा येत नव्हता.

गुन्हा दाखल झाला २००२ मध्ये. मी तेव्हा कॉलेजात होते. निकाल लागला तेव्हा माझी मुलगी नववीत होती.

मधल्या एकवीस वर्षांत केदार निवडून येत राहिले. २००४, २००९, २०१४, २०१९ असे सलग चारदा. शेवटच्या वेळी महाविकास आघाडीच्या सरकारात पशुसंवर्धन, दुग्धविकास आणि क्रीडा खात्याचे मंत्री झाले. ते सगळं कायदेशीर होतं, कारण दोष सिद्ध झालेला नव्हता. शिक्षेविरुद्ध त्यांनी अपील केलं, जानेवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जामीन दिला. अपिलात काय व्हायचं ते होईल, त्यावर मी काही बोलणार नाही. मला बोलायचं आहे ते या एकवीस वर्षांबद्दल.

निकालाच्या रात्री सावनेर तालुक्यातल्या मामांना फोन केला. मामांची संत्र्याची बाग आहे, वय सत्तरीच्या पुढे, आणि केदारांचे ते कट्टर समर्थक. मी म्हटलं, "मामा, कोर्टाने दोषी ठरवलं आता." मामा म्हणाले, "पोरी, डीपी जळाली का रातच्याले दोन वाजता मी फोन कोणाले लावू? कोर्टाले?" मग थोडं थांबून, "आन एवढे वर्सं काहून लागले मंग? खरंच खाल्ले असतीन पैसे त तवाच धराचं होतं. आता सरकार बदललं म्हणून धरलं."

मामांचं पहिलं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. ज्याने ओलिताच्या दिवसांत चार-चार दिवस बंद ट्रान्सफॉर्मर सोसला आहे, त्याला माहीत असतं की नेता म्हणजे अडल्या वेळी उचलला जाणारा फोन. पण मला झोप लागू दिली नाही ती त्यांच्या दुसऱ्या म्हणण्याने. एकवीस वर्षं लागली म्हणून निकाल खोटा, असं त्यांचं गणित होतं. न्यायाधीशांनी साक्षी-पुरावे तोलून दिलेला निर्णय, आणि तो गावात पोचेपर्यंत राजकीय सूड झाला होता. उशिरामुळे पुराव्याचं वजनच उरलं नव्हतं.

जानेवारीत मी सिंगापूरला परतले. १८ जानेवारी २०२४ ला इथले वाहतूकमंत्री एस. ईश्वरन यांच्यावर न्यायालयात आरोप ठेवले गेले.

मी चौदा वर्षं वेस्ट कोस्ट भागात राहते आहे, आणि ईश्वरन त्याच मतदारसंघाचे खासदार होते. मला इथे मत नाही, माझा पासपोर्ट भारताचा आहे. पण शेजारणीबरोबर तिच्या कामासाठी मी एकदा खासदारांच्या साप्ताहिक भेटीच्या संध्याकाळी गेले होते. इथे इमारतीच्या तळमजल्याची मोकळी जागा असते, तिथे खुर्च्या मांडतात, लोक नंबर घेऊन बसतात, स्वयंसेवक कागद पाहून पत्रं तयार करतात. कुणाच्या घराचं, कुणाच्या नोकरीचं, कुणाच्या दंडाचं काम. मामांना दाखवलं असतं तर त्यांना सगळं ओळखीचं वाटलं असतं. ईश्वरन यांच्याबद्दल शेजारणीच्या मनात माया होती. अटकेची बातमी आली तेव्हा ती म्हणाली होती की यात काहीतरी गैरसमज असेल. म्हणजे नेत्यावर जीव असणं ही काही आपल्याकडचीच गोष्ट नाही.

भ्रष्टाचारविरोधी यंत्रणेने त्यांना ११ जुलै २०२३ ला अटक केली आणि जामिनावर सोडलं. पासपोर्ट काढून घेतला. पंतप्रधानांनी त्यांना रजेवर पाठवलं, पगार कापून महिना ८,५०० डॉलरवर आणला. इथल्या मंत्र्याचा पगार वर्षाला दहा लाख डॉलरच्या आसपास असतो, त्यावरून कपात किती होती ते कळावं. आरोप ठेवले गेले तेव्हा त्यांनी मंत्रिपद, खासदारकी आणि पक्ष, तिन्ही सोडलं. आरोप काय, तर ज्या उद्योजकांशी सरकारी काम पडत होतं त्यांच्याकडून भेटी घेतल्या. फॉर्म्युला वन शर्यतीची तिकिटं, लंडनच्या नाटकांची आणि फुटबॉल सामन्यांची तिकिटं, व्हिस्की, वाइन, एक घडीची सायकल. एकूण किंमत सुमारे चार लाख तीन हजार सिंगापूर डॉलर. शिवाय चौकशीचा सुगावा लागल्यावर दोहाहून परतीच्या फुकट विमानप्रवासाचे ५,७०० डॉलर मागाहून भरून टाकले, तो न्यायात अडथळा आणण्याचा गुन्हा. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी पाच आरोपांखाली गुन्हा कबूल केला. ३ ऑक्टोबरला न्यायाधीशांनी बारा महिन्यांची शिक्षा दिली. सरकारी वकिलांनी मागितले होते सहा-सात महिने. न्यायाधीश म्हणाले, तेवढ्याने भागत नाही. चारच दिवसांनी ईश्वरन तुरुंगात गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये उरलेली शिक्षा भोगायला त्यांना घरी स्थानबद्ध केलं, जूनमध्ये ती संपली.

अटकेपासून शिक्षेपर्यंत पंधरा महिनेही पुरते भरले नाहीत.

आता इथला मराठी माणूस काय म्हणतो ते ऐकून माझे कान किटले आहेत. गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद खाता खाता कुणीतरी म्हणतंच, "बघा, याला म्हणतात कायदा. आपल्याकडे लोकच तसले." मला हे बोलणं सहन होत नाही. एक तर सिंगापूर हे सुमारे सातशे पस्तीस चौरस किलोमीटरचं बेट आहे आणि एकटा नागपूर जिल्हा त्याच्या तेरा पटींहून मोठा. दुसरं म्हणजे इथे १९५९ पासून एकाच पक्षाचं राज्य आहे. भ्रष्टाचारविरोधी यंत्रणा पंतप्रधानांच्या कार्यालयाखाली येते. मंत्र्याला ११ तारखेला अटक झाली आणि लोकांना 'अटक' हा शब्द कळला १४ तारखेला. परवान्याशिवाय निदर्शन करायचं तर हाँग लिम पार्क नावाची एक बाग आहे, तेवढीच. आमच्या नागपुरात संविधान चौकात कुणीही फलक घेऊन उभं राहतं, अधिवेशनात खेड्यापाड्यांतून आलेली अंगणवाडी सेविका टी-पॉइंट नावाच्या चौकात भर थंडीत ठिय्या देते आणि मंत्र्याला निवेदन घ्यायला लावते. हे माझ्या इथल्या सहकाऱ्यांना सांगते तेव्हा त्यांच्या डोळ्यांत मला हेवा दिसतो. हे स्वातंत्र्य गमावून वेग आणा असं मी कधीच म्हणणार नाही.

पण वेग म्हणजे दडपशाही असंही नाही. इथल्याच तेव्हाच्या विरोधी पक्षनेत्याची गोष्ट घ्या. प्रीतम सिंग यांच्यावर संसदेच्या समितीपुढे खोटं बोलल्याचा आरोप मार्च २०२४ मध्ये ठेवला गेला, फेब्रुवारी २०२५ मध्ये निकाल लागला, दोषी ठरले. प्रत्येक आरोपाला सात हजार डॉलर दंड झाला. खासदारकी जाण्याची मर्यादा दहा हजारांची, म्हणून पद राहिलं. खटला भरावा की नाही यावर लोकांत दोन मतं होती, अजूनही आहेत. पण मे २०२५ मध्ये निवडणूक झाली तेव्हा निकाल लोकांच्या हातात होता. तो वाचून त्यांच्या मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. निर्णय न्यायालयाचा न्यायालयाने घेतला, मतदाराचा मतदाराने. सावनेरच्या मतदाराला चार निवडणुकांत ही संधी मिळाली नाही.

याची दुसरी बाजू आमच्याच जिल्ह्यात, सावनेरला लागून असलेल्या काटोलात आहे. अनिल देशमुख राज्याचे गृहमंत्री होते. मार्च २०२१ मध्ये मुंबईचे माजी पोलीस आयुक्त परमबीर सिंग यांनी पत्र लिहून आरोप केला की देशमुखांनी पोलिसांना महिना शंभर कोटी गोळा करायला सांगितलं. एप्रिलमध्ये देशमुखांनी राजीनामा दिला. १ नोव्हेंबर २०२१ ला ईडीने त्यांना अटक केली. बाहेर आले २८ डिसेंबर २०२२ ला, उच्च न्यायालयाच्या जामिनावर. जवळजवळ चौदा महिने. तेव्हा वय सत्तरीच्या पुढचं, आणि दोषी की निर्दोष याचा निवाडा झालेला नाही.

ही दोन आकड्यांची तुलना मी पुन्हा पुन्हा करते. गुन्हा स्वतः कबूल केलेल्या सिंगापूरच्या मंत्र्याला शिक्षा झाली बारा महिन्यांची, आणि त्यातले प्रत्यक्ष कोठडीत काढले चार. खटल्याचा निकालच न लागलेल्या काटोलच्या माणसाने कोठडीत काढले चौदा. देशमुख निर्दोष आहेत असं मी म्हणत नाही, मला ते ठरवायचा अधिकार नाही. ते दोषी असतील तर चौदा महिने थोडे झाले. निर्दोष असतील तर ते चौदा महिने त्यांना परत कोण देणार? दोन्हीपैकी काय ते सांगायचं काम ज्याचं, त्याने ते सांगितलं नव्हतं आणि तुरुंगवास मात्र होऊन गेला होता.

सावनेरला उशिराने आरोपी पदावर राहिला, काटोलला उशिराने आरोपी शिक्षेआधी तुरुंगात राहिला. वरवर पाहता ही उलट टोकं आहेत. माझ्या मते रोग एकच आहे. खटला चालत नसेल तर अटक हीच शिक्षा होते आणि जामीन हीच सुटका. मग कुणाला अटक करायची आणि कुणाला जामिनाला विरोध करायचा हे ज्याच्या हातात, त्याच्या हातात राजकारण जातं. मार्च २०२५ मध्ये सरकारनेच राज्यसभेत उत्तर दिलं, की गेल्या दहा वर्षांत ईडीने राजकीय व्यक्तींवर १९३ प्रकरणं नोंदवली आणि त्यांत दोन प्रकरणांत दोष सिद्ध झाला. बाकीच्यांतले किती चोर आणि किती साव? आपण आपापल्या पक्षाप्रमाणे उत्तर देतो, कारण दुसरा आधार आपल्याकडे नाही.

म्हणूनच सध्या मायदेशी चाललेल्या वादाकडे मी काळजीने पाहते. ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत १३० वं घटनादुरुस्ती विधेयक मांडलं गेलं. पाच वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात मंत्री सलग तीस दिवस कोठडीत राहिला तर एकतिसाव्या दिवशी पद जाईल. पंतप्रधान, मुख्यमंत्री, सगळ्यांना हेच लागू. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं आहे. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटात माझ्या मावसभावाने लगेच लिहिलं, "ताई, आता तुझ्या सिंगापूरसारखं होणार." त्याला मी त्या रात्री लांबलचक उत्तर लिहिलं, तेच इथे थोडक्यात मांडते.

सिंगापूरसारखं नाही होणार. ईश्वरन यांना अटकेच्या दिवशीच जामीन मिळाला होता, तीस दिवसांचा प्रश्नच आला नसता. त्यांनी पद सोडलं ते आरोप ठेवले जाणार हे कळवलं गेल्यावर, म्हणजे सरकारला आपले आरोप न्यायालयापुढे मांडावेच लागणार होते तेव्हा. आणि त्यानंतर नऊ महिन्यांत फैसला झाला. या तीन गोष्टी एकमेकींना धरून आहेत. आपण त्यांतलं फक्त पद काढून घेणं उचललं, तर उरतं काय? ज्या कायद्यात जामीन मिळायलाच वर्ष जातं, त्या कायद्याखाली तीस दिवस आत ठेवणं तपास यंत्रणेला कितीसं अवघड आहे? नागपूरच्या गतीने खटला चालला तर मंत्रिपद एका महिन्यात जाईल आणि निर्दोष ठरायला वीस वर्षं लागतील.

मावसभाऊ म्हणाला, मग चोरांना पदावर बसू द्यायचं का? नाही. अजिबात नाही. सहकारी बँकेतला पैसा हा संत्र्याच्या, कापसाच्या, धानाच्या पट्टीचा पैसा असतो. पुढे नागपूर, वर्धा, बुलढाणा या तीन जिल्हा बँकांना परवान्याअभावी ठेवी घ्यायला बंदी आली. ते सगळं त्या एका घोटाळ्यामुळेच झालं असं मी म्हणत नाही, कारणं बरीच होती. पण शेतकऱ्याला हक्काचं पीककर्ज देणारी बँक कोलमडली की तो सावकाराच्या ओट्यावर जातो, हे विदर्भात कुणाला सांगायला नको. म्हणून मला घाई आहे, आणि ती निकालाची घाई आहे.

आणि त्यासाठी नवा कायदाही नको. १० मार्च २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आमदार-खासदारांवरचे गंभीर खटले आरोप निश्चित झाल्यापासून एका वर्षात संपवा. तेव्हा नागपूरचं हे प्रकरण बारा वर्षांचं झालं होतं. ते आणखी नऊ वर्षं चाललं. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने पुन्हा सगळ्या उच्च न्यायालयांना या खटल्यांवर स्वतः लक्ष ठेवायला सांगितलं. आदेश आहेत. सरकारी वकील, न्यायाधीशांच्या भरलेल्या जागा, तारीख मागितली की नाही म्हणणारं न्यायालय आणि साक्षीदाराला वेळेवर हजर करणारे पोलीस यांत कमी पडतं, आणि यासाठी पैसे राज्य सरकारने द्यायचे असतात. सर्वपक्षीय आमदार जवळजवळ दरवर्षी नागपुरात अधिवेशनाला जमतात. विदर्भाच्या प्रश्नांवर चर्चा होते, व्हायलाच हवी. आमच्यावरचे खटले एका वर्षात संपवायला इतकी न्यायालयं आणि इतके वकील द्या, असा ठराव त्यांनी करावा, अशी मागणी घेऊन एखादा मोर्चा टी-पॉइंटला यावा असं मला फार वाटतं. निर्दोष असलेल्या नेत्याने तर त्या मोर्च्यात पुढे चालायला हवं.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला सावनेरमध्ये केदारांच्या पत्नी उभ्या राहिल्या, काटोलात देशमुखांचे चिरंजीव. दोघंही हरली. माझे काही मित्र म्हणाले, पाहा, जनतेने न्याय केला. मला ते पटत नाही. निवडणुकीत लाडकी बहीण होती, सोयाबीनचा भाव होता, जात होती, लाट होती. १२५ कोटींचा हिशेब मतपेटीत कसा लागेल? आणि ते जिंकले असते तर गुन्हा धुऊन निघाला असता का?

ऑक्टोबरात मामांशी बोलणं झालं. संत्र्याची गळ यंदाही आहे, पावसाने बाग पिवळी पडली आहे. डीपीचं विचारलं, तर म्हणाले चालू आहे. मग त्यांनीच विषय काढला, "तुह्या तिकडच्या त्या मंत्र्याचं काय झालं मंग?" मी सांगितलं, शिक्षा भोगून झाली, जूनमध्येच घरी मोकळे झाले. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मागे मोटरीचा आवाज येत होता.

"म्हंजे सुटला थो," मामा म्हणाले. "आमचं त अजून चालूच हाये."